धुराचा दोष

मी बिअरची परीक्षक आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग डोळे बारीक करून विचारतो, "म्हणजे दिवसभर पीतच असता की काय?" कसलं पिणं आणि कसलं काय! दिवसभर घोट घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, पेला बाजूला सारायचा आणि गुण द्यायचे. अख्खा पेला संपवून किती वर्षं झाली ते मला आता आठवत नाही. आमच्याकडे एकच सक्त नियम असतो. आवडलं-नावडलं हे चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं. समोर आलेली बिअर तिच्या शैलीत बसते का, एवढंच बघायचं. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास आला तर शाब्बास. तोच वास दुसऱ्या शैलीच्या बिअरला आला की दोष, काप गुण. मग ती कितीही चवदार असो.

हा नियम मी पुण्यात कितीतरी मुलांना शिकवला. त्यातलाच एक रायसिंग वसावे. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेला, आता नाशिकला एका बिअरच्या कारखान्यात कामाला. इतकं तल्लख नाक मी दुसरं पाहिलं नाही. उन्हाळ्यात त्याची परीक्षक व्हायची परीक्षा होती आणि तो पहिल्या झटक्यात पास होणार याची मला खात्री होती. आमच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींनी यंदा ठरवलं की मोहाच्या दारूलाही एक वर्ग द्यायचा. वर्ग द्यायचा तर शैली हवी. रंग कसा, वास कसा, चव कशी आणि दोष कोणते, हे कोणीतरी लिहायला हवं. ते काम माझ्या गळ्यात आलं. रायसिंग म्हणाला, "मॅडम, मग आमच्या घरीच चला ना. माझ्या आईच्या हातची प्या आणि मग लिहा."

म्हणून चैत्र लागता लागता मी नंदुरबारला गेले. परत येऊन दोन महिने होत आले. लिहायला बसते आणि उठते. आज मात्र लिहून टाकते, कारण काल रात्री त्याचा फोन आला. तो काय म्हणाला ते शेवटी सांगेन.

नंदुरबार

सुरतेकडून येणाऱ्या गाडीतून उतरले आणि स्टेशनाबाहेर रिक्षात बसले. दहा मिनिटं झाली नसतील, मला शिंका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पदराचा पार बोळा झालेला. रिक्षावाले काका आरशातून बघत होते. म्हणाले, "मिरचीनी नगरी शे ताई. पहिले रडावस, मंग जेवाडस."

रस्त्याच्या कडेला मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या. जिकडे बघावं तिकडे लाल. हंगाम सरत आला होता तरी एवढी, तर भरात काय होत असेल! बायका तोंडाला फडकी बांधून ती लाल जमीन पायांनी उलथीपालथी करत होत्या. मला मात्र एकाच गोष्टीची धास्ती. माझं नाक म्हणजे माझं पोट, आणि ते पहिल्याच दिवशी कामातून गेलं तर? कर्म माझं, इथवर येऊन सर्दी झालेल्या माणसासारखी मोहाची दारू चाखायची?

रायसिंग बाजारात भेटला. तिथे एक व्यापारी मूठभर मिरच्या उचलत होता, एक मोडून बघत होता, देठ बघत होता, कानाशी नेऊन खुळखुळवत होता आणि बाजूला टाकत होता. चाखत मात्र एकही नव्हता. मला तो एकदम आपल्या भावकीतला वाटला. मी विचारलं, "घरी कोणती मिरची खाता?" तो हसला. म्हणाला, "घरनी येगळी. ती ईकत नही आम्ही." रायसिंगही हसला आणि मीही हसले. तेव्हा हसायला आलं खरं.

लोणखेडा

शहाद्याला लागूनच लोणखेडा. कॉलेजच्या दिवसांत रायसिंग ज्यांच्या मळ्यातल्या खोलीवर राहायचा, त्या मगनभाई पाटलांकडे जेवण होतं. गुजर शेतकऱ्याचं घर. पुढे अंगण, मागे केळीची बाग, ओसरीवर झोपाळा. दारूचं नावही न निघणारं घर. मी काय काम करते हे रायसिंगने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि मी लाजेने अर्धी झाले होते. पुण्यात सांगताना मान ताठ असते. इथे मगनभाईंच्या घरच्या माउलींनी दादर ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, भरीत आणि ताकाचा गडू पुढ्यात ठेवला, तेव्हा मला आपला धंदा कुठे लपवू असं झालं.

मगनभाईंना मात्र नवल वाटत होतं, राग नव्हता. ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "बेन, एक विचारू का? एवढ्या परकारन्या चाखतस तुम्ही. मंग तुम्हाले सोताले कोणती आवडस?"

साधा प्रश्न. शाळेतल्या पोराला विचारावा असा. मी तोंड उघडलं. अमुक शैलीत हे चांगलं, तमुक शैलीत ते चांगलं, असं काहीबाही बोलले. ते मान डोलावत होते, पण उत्तर मिळालेलं नाही हे त्यांनाही कळलं आणि मलाही. त्यांच्या घरच्यांनी वाढलेलं भरीत मला आवडलं होतं का, हेही मला धड सांगता आलं नसतं. धुराचा वास योग्य प्रमाणात आहे, तेल जरा जास्त आहे, एवढंच डोक्यात आलं होतं. जेवताना! कोणाच्या तरी घरी पाटावर बसून!

पुढे जायला भाड्याची मोटार केली होती, तिच्यात मी रायसिंगला म्हटलं, "तुला अजून आवडतं का रे काही?" तो म्हणाला, "तुम्हीच तर सांगता मॅडम, ते बाहेर ठेवायचं." तो मनापासून म्हणाला, टोमणा नव्हता. मला लागलं मात्र टोमण्यासारखंच.

अक्कलकुव्याच्या वर

अक्कलकुव्याला हायवेवर चहा घेतला आणि मोलगीच्या रस्त्याने वर निघालो. वळणं अशी की पोटातला चहा तोंडाशी यावा. उतारांवर साग निष्पर्ण उभे, मधूनच पळस पेटलेला, आणि प्रत्येक घरापुढे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. आमचूर करायचा हा मोसम. गाडी शेवटी एका ओढ्यापाशी थांबली. पुढे पायी. शहरी चपला घालून गेले होते, एक पट्टा तिथेच तुटला. रायसिंगने तो सुतळीने बांधून दिला आणि मी उरलेला प्रवास तशाच फेंगड्या पायांनी केला.

त्याचं घर म्हणजे बांबूच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत लख्ख. दारात भिमीबाई उभ्या होत्या, त्याची आई. रायसिंग त्यांना 'याहा' म्हणतो. घरात दोघं त्यांच्या भिली बोलीत बोलतात, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझ्याशी बोलायला भिमीबाईंनी बाजारात शिकलेली अहिराणी काढली. "ये बाई, बठ. पाय दुखनात ना?"

रायसिंगचे वडील गेल्या पावसाळ्यात वारले. हे मला ठाऊक होतं. घरात शिरल्यावर मात्र ते गेलेले वाटेनात. त्यांची काठी कोपऱ्यात, त्यांची टोपी खुंटीला. आणि चुलीवर, छपराच्या वाशाला टांगलेली बांबूची एक मोठी टोपली, काळी कुळकुळीत झालेली. त्या टोपलीत मोहाची वाळलेली फुलं होती, गेल्या चैत्रात वडिलांनी वेचलेली. घरामागचा एकच मोह त्यांचा लाडका. पहाटे उठून त्याच्याखाली दुसरं कोणी जायच्या आत जायचे म्हणे. फुलं वाळवून ते चुलीवरच टांगायचे, वर्षभर धूर लागू द्यायचे. बाकीचे लोक असं करत नाहीत. त्यांची ती खोडच होती.

भिमीबाईंनी त्यातली थोडी फुलं काढून माझ्यासाठी दारू गाळली होती. बाकीची राखून ठेवली होती. पावसाआधी वडिलांच्या नावाने गावाला जेवण घालायचं होतं, त्यांना पूर्वजांत बसवायचं होतं, आणि त्या दिवशी त्यांच्या नावाने जमिनीवर जी धार टाकायची ती त्यांनीच वेचलेल्या फुलांची असावी, अशी भिमीबाईंची इच्छा. हे सगळं रायसिंगनेच मला सांगितलं, टोपलीकडे बोट दाखवून. तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यावरून पोरगा कोरडा वाटेल आणि तो कोरडा नाही.

संध्याकाळी अंगणात बसलो, शेजारपाजारचेही आले. पळसाच्या पानांचे दोणे केले. भिमीबाईंनी बाटलीतून आधी चार थेंब जमिनीवर सोडले, पुटपुटत कोणाकोणाची नावं घेतली, शेवटी नवऱ्याचं घेतलं असावं, कारण तिथे थांबल्या. मग पहिला दोणा मला, दुसरा रायसिंगला.

मी घोट घेतला.

आता सांगते, कारण तेव्हा सांगितलं नाही. मला ती आवडली. शैली-बिली काही नाही, नुसती आवडली. आधी मोहाचा गोडसर, जरासा मातकट वास, आणि त्यामागून धूर. हिवाळ्यात सकाळी अंघोळीच्या बंबाशी उकिडवं बसलं की यायचा, तो. घशाखाली उतरल्यावर अंगभर ऊब झाली आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला. किती वर्षांनी वाटला, देव जाणे. मी दुसरा घेतलाही.

तेवढ्यात रायसिंग बोलला. त्याने दोणा नाकाशी धरला होता, डोळे मिटले होते, अगदी मी शिकवलं तसं. मराठीत म्हणाला, माझ्याकडे बघून, "धूर आहे मॅडम. जळकट, मध्यमपेक्षा जास्त. साठवणीचा दोष. मूळ फुलाचा वास झाकला जातोय."

बिनचूक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मोहाची शैली असती तर परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण शैली होती कुठे? ती तर अजून लिहायचीच होती, आणि लिहायला मी गेले होते! धूर हा दोष की गुण हे त्या क्षणी पृथ्वीवर कोणी ठरवलेलं नव्हतं. परदेशात धुराच्या बिअरची एक अख्खी शैली आहे, तिच्यात धूर नसेल तर गुण कापतात, हे मीच त्याला शिकवलेलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "अरे, मला आवडली." तीन शब्द. पण शिष्याने बरोबर पकडलं म्हणून मला काय अभिमान वाटला सांगू! मी मान डोलावली. म्हटलं, "बरोबर."

भिमीबाईंनी मला विचारलं, "काय सांगी ऱ्हायना हाऊ?"

मी काही बोलायच्या आत रायसिंगने त्यांना भिलीत सांगितलं. हळू, प्रेमाने सांगितलं असावं, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. भिमीबाईंनी ऐकून घेतलं. बाटलीकडे बघितलं. मग हसल्या, आणि बाटली शेजारपाजारच्यांकडे सरकवली. त्यांनी ती बघता बघता संपवली, आणि कोणी काही खोट काढली नाही. आम्हाला मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी मिळाली. चटणी अशी जबर की नंदुरबारच्या शिंका बऱ्या म्हणायच्या. मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. झोप कशी लागली मला, तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी

सकाळी घरामागे गेले. मोहाखाली जमीन फुलांनी भरून गेली होती, फिकट पिवळी, रसरशीत, हातात घेतली की चिकट. भिमीबाई वेचत होत्या. मीही थोडी वेचली, कंबर मोडली, बसले. मग पाणी प्यायला घरात आले तर चुलीवरची टोपली जागेवर नव्हती.

ती अंगणात होती. धुऊन, घासून, पालथी घातलेली. घासली तरी काळीच.

मी घरामागे धावले. "ताई, फुलं कुठे आहेत? टोपलीतली?"

"बैलेसले टाकी दिधं," भिमीबाई म्हणाल्या, फुलं वेचता वेचता. इकडे गुरांना मोहाची फुलं घालतात, त्यात वावगं काही नाही. "धुरकट म्हने ना हाऊ. आते नवी वाळाडसू. सावलीमा. धूर नही लागाव."

"अहो पण ती त्यांनी वेचलेली होती ना! त्यांच्यासाठी ठेवलेली!"

त्या थांबल्या. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलतेय. "खराब दारूनी धार देवू का त्याले?"

"खराब नव्हती! त्यांना तशीच आवडायची ना? मला, मला सुद्धा आवडली होती काल!"

भिमीबाई हसल्या. पाहुणीची समजूत काढावी तशा. "त्याले काय समजत व्हतं, बाई? पोऱ्या शिकेल शे." आणि पुन्हा वाकून वेचायला लागल्या.

त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते. त्यांना खरोखरच अभिमान होता. नवऱ्याला आयुष्यभर चूक कळली नाही, पोराने एका घोटात ओळखली, म्हणून त्या त्याला आता चांगल्यातली चांगली दारू द्यायला निघाल्या होत्या. नवऱ्याला.

मी रायसिंगला शोधलं. तो गोठ्यापाशी उभा होता, त्याला कळलं होतं. बैल निवांत रवंथ करत होते. लाकडी गव्हाण चाटूनपुसून साफ. त्याने गव्हाणीच्या कोपऱ्यात हात घातला, बोटांनी चाचपलं, दोन चिरडलेली फुलं हाताला लागली. तळहातावर घेऊन नाकाशी नेली. 

"मॅडम, वास घ्या ना," तो म्हणाला आणि हात माझ्यापुढे केला. "हा बाबांचा वास आहे का? मला नुसता धूर येतोय. जळकट, मध्यम. मला दुसरं काही येतच नाहीये मॅडम."

 मी त्या तळहातावर नाक टेकवलं. मला गव्हाण आली, बैलाची लाळ आली, धूर आला. त्याचे बाबा मला कसे येणार, मी तर त्यांना पाहिलंही नव्हतं. ज्याला यायला हवे होते त्याचं नाक मी घासूनपुसून ठेवलं होतं, त्या टोपलीसारखं.

त्या दिवशी आम्ही डोंगर उतरलो. भिमीबाईंनी ओढ्यापर्यंत येऊन मला आमचुराची पुडी दिली आणि सुतळी बांधलेल्या चपलेकडे बघून पुन्हा हसल्या. अक्कलकुव्यात मी नवी चप्पल घेतली.  नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांशेजारून गाडी गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिथे ते का आलं असं कोणी विचारत नाही हे एक बरं.

पुणे

रायसिंग परीक्षा पास झाला. परीक्षकांनी माझ्याकडे त्याचं कौतुक केलं, असं नाक लाखात एक म्हणाले. मी हो हो म्हटलं. मोहाच्या शैलीचा कागद टेबलावर तसाच पडून आहे. 'दोष' या मथळ्याखाली मी आधी धूर लिहिला, मग खोडला, मग 'गुण' खाली लिहिला. पण त्याने काय होणार आहे? बैलांनी खाल्लेलं काही परत येत नाही. मंडळाचे लोक तगादा लावताहेत. मी त्यांना अजून काही दिलेलं नाही आणि देईन असं वाटतही नाही.

काल रात्री फोन वाजला. रायसिंग गावाहून बोलत होता. वडिलांचं ते जेवण काल झालं. सगळा गाव आला होता, आईने नव्या फुलांची दारू गाळली होती, त्याच्याच हातून धार टाकवून घेतली, मग पहिला दोणा आईने त्याला दिला. मागे ढोल चालू होता, त्यामुळे तो ओरडून बोलत होता.

"कशी झाली होती रे?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

ढोल वाजत राहिला. 

"मॅडम," तो म्हणाला, "काहीच दोष नव्हता." आणि रडायला लागला.